युरोपला बघायला गेलेला नवरदेव

मंडळी, एक सांगा. जो दहा अंगणांत डोकावतो, तो उभा कुठे असतो? कळायचंय? मग ऐका!

बावधनचा पुष्कर दांडेकर. धंदा सॉफ्टवेअरचा. डोकं तल्लख, पगार बरा, आणि मन? मन युरोपात! पण युरोप म्हणजे काय एक गाव आहे? देशच देश! राहायला कुठला, कामाला कुठला?

मग पुष्करराव देश बघायला लागले. कसे? आपण स्थळं बघतो, तसे!

जर्मनी? "घराणं चांगलं, पण भाषा अवघड. शिवाय रविवारी दुकानं बंद!"

आयर्लंड? "बोलते गोड, पण राहायला घर मिळत नाही."

पोर्तुगाल? "दिसायला देखणी हो! पगार बेताचा."

फिनलंड? "स्वभाव शांत, पण हिवाळ्यात ऊन नाही."

(पेटीवाले, हसू नका. तुमचं लग्न असंच लांबलं होतं!)

अरे बाबा, हे देश काय पोह्यांची बशी घेऊन तुझ्यापुढे उभे आहेत?

आणि घरात? फ्रिज गळतोय. "नवा कशाला? आता जाणारच आहोत." शेजाऱ्यांशी ओळख? "कशाला? आता जाणारच आहोत." मुलगी रेवा पहिलीत जायच्या वयाची झाली, शाळेत नाव नाही! "घालायची आणि काढायची कशाला? आता..."

म्हणा मंडळी!

जाणारच आहोत!

शाबास. पाठ झालं तुमचं. रेवाचंही झालं होतं.

बायको ऋजुता. तीही सॉफ्टवेअरवालीच. एक दिवस ती म्हणाली, "पुष्कर, पोरगी रोज गॅलरीतून शाळेच्या व्हॅनला टाटा करते. एक तर जाऊ, नाही तर राहू."

"अगं, डेन्मार्क बघायचा राहिलाय!"

"खड्ड्यात गेला डेन्मार्क! हॉलंडमधल्या त्या उट्रेक्टच्या कंपनीशी उद्या नोकरीचं शेवटचं बोलणं आहे ना? नीट बोल. जमलं तर बॅगा भरते. नाही जमलं, तर सोमवारी रेवा शाळेत. मग परदेशाचं नाव काढायचं नाही!"

झालं! दुसरा दिवस. लॅपटॉपच्या पडद्यावर कंपनीच्या बाई, नाव अनेके. डच. सरळ बाई, सरळ प्रश्न: "तुम्हाला आमच्याकडेच का यायचंय?"

पुष्कर खुलला! याचीच तर तयारी केली होती! "त्याचं असं आहे, जर्मनीत भाषा आडवी येते. आयर्लंडात घरं नाहीत. पोर्तुगालमध्ये पगार नाही. सगळं ताडून पाहिलं मॅडम... दोष तुमच्यातच सगळ्यात कमी!"

हरे राम! बोहल्यावर चढताना नवरीला कुणी सांगतं का, 'बाकीच्या नापास झाल्या, म्हणून तू'?

बाई हसली नाही. चिडलीही नाही. "काय नको ते कळलं. इथे येऊन करायचंय काय, ते सांगा."

आणि...

(थांबा, टाळ नको.)

पुष्करनं स्वतःच्या आत पाहिलं. प्रत्येक देशाची खोड तिथे होती. हिवाळा होता, भाडं होतं, कर होता. पण त्या देशात उठणारा, कामाला जाणारा, काहीतरी घडवणारा पुष्कर? तो कुठेच नव्हता. मग तोंडातून जुनी सवय बोलली: "विचार करून कळवतो."

स्थळ बघून आल्यावर 'कळवतो' म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. डच बाईलाही सांगावं लागलं नाही! "नका कळवू. शुभेच्छा." पडदा काळा!

सोमवारी ऋजुता रेवाला घेऊन कोपऱ्यावरच्या शाळेत गेली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "इथेच राहणार ना? मध्येच काढून नेतात हो लोक."

"इथेच," ऋजुता म्हणाली. तिलाही जायचं होतं, मंडळी. ते कुणी विचारलंच नव्हतं.

आणि नवरदेव? फाटकाबाहेर. मोबाइलमध्ये. रेवा धावत आली, "बाबा, मला मैत्रीण मिळाली!"

"हं. ऋजुता, ऐक ना, डेन्मार्कात म्हणे..."

ऋजुता लेकीचा हात धरून पुढे गेली. मागे वळली नाही.

हसलात? आता तुमच्याकडे येतो! तुम्ही कुठले डेन्मार्कला जाताय! पण 'पोराचं लग्न झालं की', 'रिटायर झालो की', मग जगू! हे कुणाचं? तुमच्या शेजारी बसलेल्या माणसाचं नाव सांगा. आत्ता! नाही माहीत? मग पुष्करला कुठल्या तोंडानं हसता?

ज्याच्या देवळात बसलात, त्याच्याकडे बघा. भक्तानं वीट फेकली. वाकडी की सरळ, विचारलं नाही. दुसरी दाखव, म्हणाला नाही. चढला, आणि उभा राहिला!

म्हणा त्याचं नाव. बसल्या जागी म्हणा.

विठ्ठल!