पलंग की पुस्तकं

स्पीकरच्या दुकानात माझ्यापुढे एक वयस्क जोडपं उभं होतं. विक्रेता त्यांना विचारत होता,

“काका, होम थिएटरची खोली केवढी आहे?”

“दहा बाय बारा.”

“मग टॉवर लावा की! जमिनीवर उभे राहतात, आवाज भरदार.”

“जमिनीवर जागा कुठाय? पलंग आहे,” बायको म्हणाली.

“होम थिएटरमध्ये पलंग कशाला, काकू?”

“आमच्या मुलाचा आहे.”

“मग त्याला दुसऱ्या खोलीत झोपू दे ना.”

“तो गेला हो.”

“...माफ करा. मग बुकशेल्फ स्पीकर बघा. छोटे असतात, फळीवर मावतात.”

“फळीवर त्याची पुस्तकं आहेत.”

“अगं, काहीतरी हलवावंच लागेल,” नवरा म्हणाला. “खोली उघडू या, असं तूच म्हणालीस.”

“म्हणाले खरं.”

“मग पलंग राहू दे. पुस्तकं मी नीट खोक्यात भरतो.”

“नको. वाचताना एकटाच खुदुखुदु हसायचा तो. मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं.”

“आणि पलंग?”

“त्या पलंगावरून शेवटी नुसतं कण्हणंच ऐकलं. तुम्ही टॉवर घ्या.”