भाजणी कुणाची?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय भय्यासाहेब, सत्कारमूर्ती श्रीमती सुलूताई, त्यांना न्यायला पुण्याहून आलेले त्यांचे चिरंजीव, आणि माधव नगरातल्या आपल्या मंडळाच्या बंधू-भगिनींनो,

मंडळाचा सचिव म्हणून ताईंना निरोप देण्याचं काम या विनायकाकडे आलं आहे. चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

ताईंची ओळख काय करून द्यायची? टावर चौकातल्या त्यांच्या दुकानातून भाजणी नेली नाही असं मराठी घर उज्जैनात आहे का? आमच्याही घरी थालिपीठ त्यांच्याच भाजणीचं व्हायचं. अनसूया, डोळे वटारू नकोस, तू माहेरी गेलीस की व्हायचं.

अनसूया म्हणजे माझी सौभाग्यवती. पाच बायकांना हाताशी घेऊन तीही घरी भाजणी करते, विकते. या दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य मी काय नव्यानं सांगू? धणे किती, उडीद घालायचे की नाही, यावरून हळदीकुंकवातसुद्धा वाजलेलं आहे! असो.

ताईंनी दुकान आवरलं, त्या सुटल्या. आम्ही मात्र अडकलो. गेल्या महिन्यात इंदूरच्या एका नव्या कंपनीची नोटीस आली. सध्या मोकळ्या बाजाराची हवा आहे, ज्याला जे दिसेल त्यावर तो आपलं नाव घालतो. या लोकांनी 'भाजणी' हा शब्दच ट्रेडमार्क म्हणून नोंदवला. त्या नावानं आता दुसऱ्या कुणी विकायचं नाही. अहो, उद्या पोह्यांवरही हक्क सांगाल!

प्रकरण कोर्टात गेलं. मागच्या पेशीला, म्हणजे तारखेला, जजसाहेब म्हणाले, "ये भाजणी क्या चीज़ है? कंपनी का गढ़ा हुआ नाम लगता है।" कंपनीनंच घडवलेला शब्द वाटला त्यांना, त्यांचं तरी काय चुकलं? पुण्यात लोक हसले असते. इथं आपल्या स्वयंपाकघराबाहेर हा शब्द ऐकलाय कुणी? आमचे वकील सुहास म्हणाले, "काका, तुम्हा नवरा-बायकोचं कोण ऐकणार? ज्यानं वर्षानुवर्षं भाजणी विकली आणि ज्याचं तुमच्याशी मुळीच पटत नाही, असा साक्षीदार आणा. मग कळेल की शब्द सगळ्यांचा आहे."

असा माणूस या शहरात एकच. पेशी मंगळवारी, आणि ताईंची गाडी उद्या सोमवारी. निरोपाचा हारही आम्हीच घातलाय!

अनसूयानं बजावलं होतं, "तिच्यापुढे पदर पसरायचा नाही." मला कुठला पदर? मी हात जोडतो. ताई, काम बंद पडलं तर त्या पाच जणींनी करायचं काय? रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही हो. मंगळवारपर्यंत थांबा. पण भीती वाटते ती वेगळीच. "तिची ती भाजणीच नव्हे," असं तुम्ही चारचौघांत म्हणता. तेवढं कोर्टात म्हणालात, तर आम्ही मेलोच.

काय म्हणालात, ताई? जरा मोठ्यानं... ऐका मंडळी, ताई म्हणताहेत, "थांबते. पण शपथ घेऊन झूठ बोलणार नाही. तिचे धणे करपलेले असतात, माल एकदम बेकार, हे मी सांगणारच." हसू नका हो, कृपा करा, माझा जीव टांगणीला लागलाय.

अनसूया, खाली बस! भांडण नको, आज नको... काय? ती म्हणते, "बेकार म्हणा, सुलूताई. पण बेकार भाजणी म्हणा."

ताईंनी मान हलवली. भय्यासाहेब, तुम्हीही पाहिलंत ना? हो म्हणूनच हलवली ना?

मंगळवारी काय होईल ते महाकाळालाच ठाऊक. अध्यक्षांचे, ताईंचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. निरोपाच्या सभेत घरचं गाऱ्हाणं आणलं, कुणाचं मन दुखावलं असेल तर पोटात घाला. आणि चिरंजीव, चहा राहू द्या. स्टेशनवर तिकीट रद्द करायला मी तुमच्याबरोबर येतो, आत्ताच, ताईंचं मन बदलायच्या आत.