सुट्टीत फ्रेंच विसरू नये म्हणून

बाबा : असेल गं इथेच कुठेतरी. चप्पल म्हणजे काय मांजर आहे, रुसून घर सोडायला?

लेक : एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी, आणि पँट हाताने धरलेली. पट्टा कुठे आहे?

बाबा : पोट सुटलंय. पट्टा टोचतो.

लेक : पोट सुटलेल्या माणसाची पँट घसरत नाही, बाबा.

बाबा : तू वकील व्हायला हवी होतीस. लोकांचे दात तपासण्यात फुकट गेलीस.

लेक : आणि चष्मा?

बाबा : डोळ्यांना विश्रांती देतोय.

लेक : परवा घड्याळ सापडत नव्हतं. काल दाढीचा ब्रश. आज हे. मुली कुठे आहेत?

बाबा : आत खेळतायत.

लेक : दार लावून? मी कामावरून आले की दोघी मूग गिळून बसतात. ठकीला विचारलं आज काय केलंत, तर ती मोठीकडे बघते. मोठी तुमच्याकडे बघते. कुठेतरी पाणी मुरतंय.

बाबा : लहान पोरी आहेत. या वयात गुपितं नसायची तर कधी?

लेक : फ्रेंच झालं आज?

बाबा : झालं.

लेक : कशावरून? मी टॅबवर धडे घालून दिलेत. रोज रात्री बघते. सुट्टी लागल्यापासून एकही उघडलेला नाही.

बाबा : त्या टॅबमधली बाई फार गोड बोलते. तेवढं गोड कुणी बोलायला लागलं की पोरं गप्प होतात.

लेक : हसण्यावारी नेऊ नका. शाळेतल्या बाईंनी बजावलंय. या वयात जेवढं पटकन येतं तेवढंच पटकन जातं. सुट्टीत रोज थोडं बोललं नाही, तर शाळा उघडेपर्यंत पाटी कोरी. मग पुन्हा खालच्या गटात बसायचं. त्या नुसत्या विचाराने मोठी रडली होती.

बाबा : माहीत आहे. माझ्याच मांडीवर रडली.

लेक : तुम्हाला फ्रेंचचं ओ की ठो कळत नाही.

बाबा : म्हणून तर बरं चाललंय.

लेक : म्हणजे?

बाबा : म्हणजे काही नाही. तू हातपाय धू.

लेक : ताकास तूर लागू देऊ नका तुम्ही. शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, तुमचे वडील दुपारी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून कुणाची तरी विनवणी करत होते. हात जोडून. काय बोलत होते तेच कळेना, म्हणाल्या, काहीतरी भलतंच.

बाबा : त्यांना म्हणावं, खिडकीतून मान एवढी बाहेर काढत जाऊ नका. पडाल.

लेक : बाबा, मी डॉक्टरांची वेळ घेतलीय. सोमवारची.

बाबा : कसले डॉक्टर?

लेक : विसरण्याचे.

बाबा : अच्छा. एवढे दिवस माझ्याकडे तशी बघत होतीस ते हे होय.

लेक : आणि मुली सोमवारपासून सुट्टीच्या वर्गाला जातील. तिथे फ्रेंच पण घेतात.

बाबा : डॉक्टरकडे मी येतो. हवं तर डोकं उघडून बघू दे त्याला. पण मुलींना हलवू नकोस. ठकी आत्ता कुठे तोंड उघडायला लागलीय.

लेक : कशाबद्दल तोंड उघडतेय?

बाबा : ते मला सांगता येणार नाही. त्यांना शब्द दिलाय.

लेक : मी तुमची मुलगी आहे. दुकानात आलेलं गिऱ्हाईक नाही, गोड बोलून वाटेला लावायला.

बाबा : जन्म कापडाच्या दुकानात गेला माझा. विटणाऱ्या रंगाला पक्का रंग म्हणालो नाही कधी. तुला म्हणेन? थोडे दिवस थांब. एवढंच मागतोय.

लेक : उद्या बोलू. दमलेय मी.

बाबा : बरं. जेवून घे. झाकून ठेवलंय.

(पुढच्या आठवड्यात. तीच खोली, पलंग रिकामा. ते बोलणं झालं त्याच रात्री बाबा झोपेत गेले.)

मोठी : मी काही चोरलेलं नाही.

लेक : चोरलंस असं कुठे म्हटलं? तुमच्या कपाटात फ्रॉकच्या मागे एक खोकं आहे. त्यात आजोबांचा चष्मा आहे, घड्याळ, पट्टा, ब्रश, एक चप्पल. ते तिथे कसं गेलं, एवढंच विचारतेय.

मोठी : ठकीने सांगितलं ना? चोंबडी.

लेक : ठकी तुझ्याच वळणावर गेलीय. तोंडातून शब्द काढत नाही. मी आजोबांचं सामान आवरत होते, चपलेची जोडी लागेना, म्हणून घरभर शोधलं.

मोठी : ते आमचं दुकान आहे.

लेक : दुकान?

मोठी : आम्ही दुकानदार आणि आजोबा गिऱ्हाईक. आधी आम्ही बाहुल्या आणि खडू मांडले होते. आजोबा म्हणाले, असं दुकान चालत नसतं. गिऱ्हाईक नडलेलं असलं तरच नीट मागतं. मग ते सकाळी आपल्याच वस्तू आणून द्यायचे आणि परत हव्या असल्या की फ्रेंचमधून मागायचे. पूर्ण वाक्यात. शेवटी ‘सिल वू प्ले’, म्हणजे ‘कृपया’, म्हणायचं. नाही म्हटलं की ठकी दुकान बंद करायची.

लेक : आणि त्यांना आलं नाही तर?

मोठी : आम्ही शिकवायचं. कधीकधी आम्हालाच आठवायचं नाही, मग पुस्तकात शोधायचो. तोपर्यंत आजोबा दारात पँट धरून उभे. ठकी हसून हसून लोळायची. ती आता पूर्ण वाक्य बोलते, माहितीये? शाळेत बाईंपुढेसुद्धा बोलायची नाही.

लेक : मला का नाही सांगितलं?

मोठी : ठकीची अट होती. तू लगेच चूक काढतेस.

लेक : आणि आजोबा? ते मुद्दाम चुकायचे?

मोठी : पट्ट्याचं मुद्दाम. चष्म्याचं खरंच. ते वाक्य त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही.

लेक : मोठे, इकडे बघ. त्यांच्या गोळ्या होत्या का दुकानात?

मोठी : नाही.

लेक : खरं सांग. मी रागावणार नाही.

मोठी : रागावलीस पण. ठकीने मांडल्या होत्या एकदा. आजोबांनी तिथल्या तिथे उचलल्या. म्हणाले, औषध दुकानात ठेवायचं नाही. ते मागायला भाषा लागता कामा नये.

लेक : असं म्हणाले?

मोठी : हो. आणि पाणीही नाही ठेवायचं म्हणाले. आई...

लेक : काय गं?

मोठी : त्या दिवशी मी चष्मा दिला नाही. त्यांनी किती वेळा मागितला. शेवटी म्हणाले, राहू दे दुकानदारीणबाई, उद्या पाठ करून येतो. मग रात्री त्यांना काही दिसलं नाही का? म्हणून गेले?

लेक : नाही, बाळा. ये इकडे. झोपेत चष्मा लागत नाही माणसाला. त्यांचं हृदय थांबलं. मी डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं. तू काही केलं नाहीस. ठकीनेही नाही.

मोठी : नक्की?

लेक : अगदी नक्की.

मोठी : मग तू का चिडलीस त्यांच्यावर? आम्ही दाराआडून ऐकत होतो.

लेक : मला वाटलं, ते विसरायला लागलेत.

मोठी : आजोबा? मलाच ओरडायचे, कालचा शब्द आज कुठे सांडलास म्हणून.

लेक : मला माहीत नव्हतं ना. आणि मी चिडले नव्हते. चिडून बोलणं सोपं जातं, म्हणून तसं बोलले.

मोठी : मग जे खरं होतं ते बोलायचंस.

लेक : हो. बोलायला हवं होतं.

मोठी : आत्ता बोल. मी बाहेर जाऊ?

लेक : नको. बस माझ्याजवळ.

मोठी : बोल ना, आई.

लेक : बाबा, मला भीती वाटत होती. आधी तुम्ही वस्तू विसराल, मग रस्ते, आणि मग एक दिवस मी कामावरून घरी येईन, तुम्ही दार उघडाल आणि अदबीने मला विचाराल, आपण कोण?