सरांची जीभ जड झाली

"आज... आपण..." म्हणून सर थांबले ना, तेव्हाच मला काहीतरी बिनसल्यासारखं वाटलं. ऑनलाइन एमकॉमचा हा माझा पहिलाच लाइव्ह तास. एरवी नोकरीतून वेळ मिळत नाही, म्हणून मी सगळी लेक्चर्स रेकॉर्डिंगवर, दुप्पट वेगाने, भाजी चिरता चिरता उरकते. तिथे सर कसे धडाधड बोलतात. आज एकेक शब्द ओढत होते.

"आई, सरांची जीभ जड झालीय गं. अर्धांगवायूचा झटका असणार."

"तुला कुकरच्या शिट्टीनेही धडकी भरते," म्हणत आई लॅपटॉपमध्ये डोकावली. "तोंड वाकडं तर दिसत नाही. हसायला सांग त्यांना."

मी चॅटमध्ये लिहिलं, "सर, जरा हसता का?" त्यांनी ते वाचलंच नाही. पाणी प्यायले, तेही सावकाश.

कोर्सच्या ऑफिसात फोन लावला, कोणी उचलेना. आता आईही घाबरली. "त्यांच्याच मोबाइलवर लाव. घरातलं कोणीतरी उचलेल, डॉक्टरला तरी बोलावतील."

नंबर ग्रुपवर होता. मी लावला, आणि पार्ल्यातल्या त्यांच्या खोलीतली रिंग आम्हाला मुलुंडला लॅपटॉपवर ऐकू आली. शिकवणं थांबवून सरांनीच फोन उचलला. मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

माइक चालूच होता. अख्ख्या वर्गासमोर सर म्हणाले, "बाळा, मी ठणठणीत आहे. तू मला दुप्पट वेगाने ऐकतेस ना? दर सेमिस्टरला असा एक फोन येतोच."