सत्कारमूर्तींचा फोटो

घाटकोपरला रॉकेलच्या रांगेत नलिनीने डबा खाली ठेवला आणि पुढच्या दोघांच्या बोलण्याला कान दिला.

“बाळा, गावच्या गुणाजीकाकांचा तुमच्या मंडळाने इथे मुंबईत सत्कार केला म्हणे?”

“करायलाच हवा. अख्ख्या गावाला आंब्याची कलमं फुकट दिली त्यांनी.”

“मग आले होते?”

“ऐन आंब्यात बाग सोडून कसे येणार? पेट्या पाठवल्या. आम्ही खुर्चीवर त्यांचा फोटो ठेवून हार घातला.”

“फोटोला हार?”

“तिथेच वाट लागली ना! प्रमुख पाहुणे उशिरा आले, फोटो बघितला आणि माईकवर म्हणाले, दोन मिनिटं शांत उभे राहू या.”

“आणि तुम्ही?”

“पाहुण्यांना कोण सांगणार? राहिलो उभे.”

“काकांना कळलं?”

“कळलं ना. निरोप आलाय, तेराव्याचे आंबेही मीच पाठवू का?”