दस्त्यातल्या पाच अक्षता

आमी मूळचे सातारा जिल्ह्यातले, कोरेगावकडचे. आमच्या गावात घरटी एक माणूस पलटणीत असतोच, वडील हुते, चुलते हुते, मग म्या बी गेलो, पर माझा हात बारीक कामाला चांगला म्हणून मला आर्मरर केलं, म्हंजी बंदुका खोलायच्या, तपासायच्या, दुरुस्त करायच्या. चालवायचं काम दुसऱ्यांचं. आता इथं चंडीगढला शिलाई मशिनी दुरुस्त करतो, तीस वर्षं झाली, हात तेच, तेल बी तेच. तुमी बंदुकीचं इचारताय म्हणून सांगतो, न्हाईतर म्या हे कुणाला सांगत न्हाई.

चंडीगढजवळ चंडीमंदिरच्या छावणीत बदली झाली तवा पंजाबात वाईट दिवस चालले हुते. अंधार पडायच्या आत माणसं घरात. बसमधनं माणसं उतरवून मारल्याच्या बातम्या रोजच्या. बेवारस पिशवी दिसली की सगळा बाजार पळायचा. माझी बायको सुमन भाजीला सेक्टरातल्या बाजारात गेली की परत येईस्तवर माझं कामात मन लागायचं न्हाई. लोक घाबरलेले, पोलीस घाबरलेले, आन् घाबरलेल्या माणसाच्या हातात बंदूक म्हंजी काय, ते तुमाला काय सांगू.

त्या वेळी ती वाकड्या मॅगझिनची, म्हंजी गोळ्यांच्या वाकड्या डब्याची, रायफल नवीनच दिसायला लागली हुती. पकडली की पोलीस कधी कधी आमच्याकडं पाठवायचे, चालू हाय का, कुठली हाय, लिहून द्या म्हणायचे. अशीच एक दसऱ्याच्या आधी आली. नंबर घासून काढलेला. खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता, आन् दस्त्यावर उर्दूसारखी अक्षरं कोरलेली, वर दोन ओळी, खाली एक ओळ. मला वाचता येईना, म्हणून पलटणीच्या मौलवीसाहेबांना बोलावलं, त्यांना पठाणांची बोली बी वाचता यायची, मोठा सज्जन माणूस, माझ्या हातचा चहा प्यायला रोज यायचे.

त्यांनी चष्मा लावला आन् अक्षरांवरनं बोट फिरवलं. म्हणाले, हवालदारजी, वर लिखा है जरमीना, पलवशा, मेरी दो बेटियाँ, मेरा घर. म्या म्हटलं, आन् खाली? म्हणाले, खाली दुसऱ्याच हातानं, नव्या पात्यानं कोरलंय, सारी जमीन आपली होईपर्यंत जिहाद थांबणार न्हाई. म्हणाले, बघा, वरचं एका बापानं लिहिलंय, खालचं शिकवून तयार केलेल्या माणसानं लिहिलंय. मग त्यांनी मला सगळं सांगितलं, अफगाणिस्तानात रशियाची फौज घुसली, गावं जाळली, शेतकरी माणसं घरासाठी उठली, तिथवर गोष्ट त्या बापाची हुती. मग लांबलांबच्या देशांनी पेट्या भरभरून बंदुका पाठवल्या, आपापल्या मतलबासाठी, सरहद्दीवर तंबू पडले, तंबूत पोरकी लेकरं, त्यांना भाकरी बी मिळायची आन् भाकरीबरोबर लढाई शिकवणारं एकच पुस्तक, बाहेरच्या मुलखातले लोक आले, ते म्हणाले तुमचं घर ही लहान गोष्ट, लढाई साऱ्या दुनियेची. मौलवीसाहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, माझ्या वालिदनी, म्हंजी वडलांनी, मला शिकवलं हुतं, जिहाद म्हंजी आधी स्वतःच्या मनातल्या वाईटाशी झगडा, ह्यांनी तो अर्थच घासून काढला, ह्या नंबरासारखा. आन् त्याच पेट्यांतल्या बंदुका बाजारात विकल्या गेल्या, हद्द ओलांडून इकडं आल्या, ज्यांचा त्या धर्माशी काडीचा संबंध न्हाई त्यांच्या बी हातात गेल्या. दोन लेकींचा बाप कुठं राहिला, देवाला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आता आमच्याकडं हत्याराची पूजा म्हंजी सोडता येत न्हाई, वडिलांनी कधी चुकवली न्हाई, म्या बी न्हाई. आमच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये सगळी हत्यारं ओळीनं मांडली, हळद-कुंकू, झेंडूची फुलं, कुंकवात भिजवलेल्या अक्षता, आन् ती रायफल बी त्याच टेबलावर पडलेली. पोलीस केसची वस्तू, पुराव्याची. तिला हात लावायचा न्हाई, मला ठाऊक हुतं. पर त्या दोन पोरींची नावं डोळ्यांसमोर, म्हटलं ह्या बापाच्या हत्याराला बी एक बोट कुंकू. दस्त्याच्या बुडाला सफाईचं सामान ठेवायचं पोकळ घर असतं, त्याचं झाकण उघडंच राहिलं हुतं, अक्षता टाकल्या त्यातल्या काही आत गेल्या. म्या कुंकू पुसलं, झाकण लावलं, कुणाला बोललो न्हाई. मग दस्त्यावरच्या अक्षरांची रजिस्टरात नोंद करून रायफल पोलिसांकडं परत गेली.

होळीनंतर एक ठाणेदार आला, हसतमुख, बरोबर कापडात बांधलेली रायफल. म्हणाला, हवालदार साब, जसबीर नावाच्या ट्रक ड्रायव्हरच्या गाडीत मिळाली, कालच, खुनाची केस हाय, बस इतना लिख दो, चालू हालत में. दस्ता घासलेला, वर काळा जाड रंग. म्या सवयीनं बुडाचं झाकण उघडलं. आत पाच लाल अक्षता.

काय सांगू तुमाला, माझ्याच हातच्या, खंडेनवमीच्या. आमच्या शेडमधनं पोलिसांच्या ताब्यात गेलेली रायफल त्या ड्रायव्हरच्या गाडीत आली कशी? तवाच बोलायला पाहिजे हुतं. ठाणेदार माझ्याकडं बघतोय, हसतोय, आन् म्या झाकण लावलं. चालू हालत में, लिहून दिलं. खोटं न्हवतं ते, पर खरं बी न्हवतं. माझं नाव तवा हवालदाराच्या वरच्या, नायब सुभेदाराच्या बढतीच्या यादीत लागलेलं. केसच्या वस्तूला कुंकू लावलं म्हणून सांगितलं तर यादी गेली, आन् ठाण्याशी वैर. सुमनला सांगितलं, ती म्हणाली, गप राहा, आपल्याला लेकरं हाईत, इथं विचारायला कोण येणार हाय? तिची बी चूक न्हाई, त्या दिवसांत सगळेच गप हुते. पर झोप येईना, आन् चिडचिड सगळी लेकरांवर निघायची.

मग कोर्टाचं बोलावणं आलं. साक्षीची पाळी यायला उशीर हुता, म्या बाहेर बाकावर बसलो, शेजारी एक म्हातारी सरदारीण, मांडीवर डबा. म्हणाली, बेटा, सकाळधरनं बसलायस, काही खाल्लंस का? डब्यातली पिन्नी काढून माझ्या हातावर ठेवली, कणकेचा तुपातला लाडू बगा. म्या खाल्ली. मग म्हणाली, माझ्या जसबीरसाठी आणली हुती, आत देऊ देत न्हाईत, तू खाल्लीस, बरं झालं. तिला ठाऊक न्हाई म्या कोण. फौजेचा माणूस दिसतोस, तुझी आई हाय का, इचारलं तिनं. म्या हो म्हटलं. आन् तेवढ्यात माझ्या नावाचा पुकारा झाला.

पिंजऱ्यात जसबीर उभा, चोवीस-पंचवीसचा, पगडी नीट बांधलेली, डोळे खाली. सरकारी वकील म्हणाला, रिपोर्ट तुमचा? म्हटलं, माझा. हत्यार चालू हाय? चालू हाय. बास, जा. एवढ्यावर म्या जाऊ शकत हुतो. कुणी अडवलं नसतं. पर तोंडात तुपाची चव तशीच हुती. म्या म्हटलं, हुजूर, एक अर्ज हाय, ह्या रायफलीच्या बुडाचं झाकण उघडू द्या. ठाणेदार मागं बसला हुता, तो ताडकन उठला. जजसाहेबांनी त्याला बसवलं, मला म्हणाले, उघडा. म्या टेबलावर कागद पसरला, झाकण दाबलं, दस्ता उपडा केला, आन् पाच लाल तांदूळ कागदावर पडले. म्हटलं, हे माझ्या हातचे हाईत, खंडेनवमीला म्या टाकले, तवा ही बंदूक आमच्या शेडमध्ये हुती, मौलवीसाहेबांनी तिच्यावरची अक्षरं वाचलीत, त्यांना बोलवा, मागचं रजिस्टर मागवा. ही ह्या माणसाकडं सापडली असं म्हणतात, ती त्याआधीच पकडलेली हाय.

मौलवीसाहेब आले, रजिस्टर आलं, आन् चार महिन्यांनी जसबीर सुटला. ठाणेदाराची बदली झाली, तेवढंच. माझी चौकशी लागली, केसच्या वस्तूची पूजा का केली, आधी का लपवलं. होळीपासनं सुटेस्तवर तो पोरगा माझ्या रिपोर्टवर आत बसला, ही गोष्ट माझ्या मनातनं जात न्हाई. यादीतनं नाव कापलं. हवालदारच म्हणून पेन्शनीत आलो. मौलवीसाहेब भेटायला आले तवा म्हणाले, तुमचा जिहाद झाला, हवालदारजी, आन् स्वतःच रडले.

पुढं काश्मीरचं सुरू झालं, मग साऱ्या जगाचं. टीव्हीवर ती वाकडी मॅगझिन दिसली की म्या चॅनेल बदलत न्हाई, दस्ता बघतो, त्यावर काही कोरलंय का. ती खालची ओळच सगळीकडं पोचली बगा, वरच्या दोन कुणी वाचत न्हाई.

गावाकडं घर हाय, पर लेकरं इथंच वाढली, नातवंडांना मराठी कळतं आन् बोलतात हिंदी. माझ्या दुकानात खंडेनवमीला स्क्रू-ड्रायव्हर, पकडी, तेलाची कुपी मांडतो, अक्षता टाकतो, आन् दोन वेगळ्या ठेवतो, जरमीना आन् पलवशाच्या नावानं, जिथं असतील तिथं सुखी असोत.

त्या दिवशी जसबीर येतो. म्हातारी वारली, आता त्याची बायको पिन्नी करते, डबा तोच. इथं सगळं सेक्टर मला सूबेदार साब म्हणतं, म्हाताऱ्या फौजीला म्हणायची इकडं पद्धतच हाय. मागच्या वर्षी नातीनं इचारलं, दादू, सब आपको सूबेदार बुलाते हैं, ये अंकल हवालदार क्यों बोलते हैं? म्या काही बोलायच्या आत जसबीरनं डबा खाली ठेवला, दोन्ही हात जोडले, आन् म्हणाला, पुत्तर, हे माझ्यासाठी हवालदारच राहिले.