वावर की शेत

चहा उकळू दे, तवर माह्या दोस्ताचं, सुधाकरचं ऐका. ब्लॉग अन् विकीत फरक काय, हे मले त्यानंच शिकवलं.

माहा ब्लॉग होता. त्यावर मी लिहीन तेच राहे. सुधाकर खाली फक्त शेरा मारे, "लय साहेबी मराठी झाली बे!" मंग आम्ही दोघांनी विकीवर आमच्या गावाचं, बोरी अरबचं पान सुरू केलं. तिथं कोणीबी कोणाचंबी खोडू शकते. मी लिहिलं, "गावाभोवती शेते आहेत." त्यानं केलं, "वावरं आहेत." मी पुन्हा शेते, तो पुन्हा वावरं. बदलाचं कारण लिहायची जागा असते, तिथं तो दर खेपेला लिहे, "शेतं पुस्तकात असतेत, आपल्या इथं वावरं असतेत."

मी फोनवर भांडलो. "काहून खोडून राह्यला बे?"

"तुह्या ब्लॉगवर लिही ना शेतं, तिथं तुले कोण अडवते? हे पान गावाचं हाय."

दोन वर्षं चाललं हे. दिवाळीनंतर सुधाकर अटॅकनं गेला. तेरवीहून घरी आलो अन् पान उघडलं. शेवटचा बदल माहा होता, शेते. महिनाभरानं पुन्हा पाह्यलं, तरी शेतेच. खोडणारा राह्यलाच नव्हता.

मंग मीच शेते खोडलं अन् वावरं लिहिलं. खाली बदलाचं कारण इचारत होतं. मंग लिहिलं, "हा बदल सुधाकरनं केला."